शेकाच्या पाण्याची दोन भांडी

२७ मार्च १९१९ रोजी 'नागोया' नावाची आगबोट मुंबई बंदराला लागली. तिची वाट बघत कुंभकोणमची एक बाई आपल्या धाकट्या मुलाला घेऊन थांबली होती. तिचं नाव कोमलताम्माळ. पाच वर्षांपूर्वी तिचा थोरला मुलगा मद्रासच्या धक्क्यावरून विलायतेला गेला होता. त्या दिवशी बोटीतून उतरला तो तोच, पण अंगावर मांस नसलेला, गालफडं बसलेला आणि औषधांना कंटाळलेला. तो श्रीनिवास रामानुजन. केंब्रिजमध्ये त्यानं काय केलं ते जगाला ठाऊक आहे, त्यामुळे इथं त्याचं गणित नको. मला सांगायची आहे ती त्याच्या आजारपणाच्या खोलीची गोष्ट. ती सांगायची तर आधी मुंबई बंदरातलं त्याच्या दहा महिने आधीचं सांगायला हवं.

मे १९१८च्या अखेरीस याच बंदरात सैनिकांना घेऊन एक बोट आली होती. महायुद्ध चालू होतं. मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, फ्रान्स अशा सगळ्या रणांगणांवरच्या ये-जा करणाऱ्या बोटी मुंबईला टेकत. १० जूनला पोलिसांच्या इस्पितळात सात शिपाई दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ताप होता, पण तो मलेरियाचा नव्हता. पुढच्या दहा-बारा दिवसांत गोदीतले हमाल, टांकसाळीतले कामगार, टपाल आणि तारखात्यातले कारकून, गिरण्यांतली माणसं एकामागून एक अंथरुणाला खिळली. मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांनी पुढे लिहिलं की हा आजार रात्रीच्या चोरासारखा शहरात शिरला. रोग बोटीतून आला असं टर्नर म्हणत. तो मुंबईनंच बोटींना दिला, असं वरचे सरकारी अधिकारी म्हणत. असा वाद प्रत्येक साथीत होतो आणि आजारी माणसाला त्याचा कधीच उपयोग होत नाही.

जूनची ती लाट तशी सौम्य होती. लोक तीन-चार दिवस फणफणले, अंग मोडून आलं, मग कामावर गेले. शहरानं सुटकेचा श्वास सोडला. पाऊस मात्र त्या वर्षी फसला. धान्य महागलं, वैरण महागली, दूध आटलं. सप्टेंबरात तोच ताप परतला तेव्हा त्याचा चेहरा पार बदललेला होता. सकाळी धडधाकट असलेला पंचविशीतला गडी संध्याकाळी न्युमोनियानं निळा पडू लागला. फ्लूमध्ये म्हातारे आणि तान्ही मुलं जातात हा सगळ्या जगाचा अनुभव होता. या वेळी घरातले कमावते, धडधाकट आणि बाळंत व्हायच्या वयाच्या बायकाच जास्त गेल्या. ६ ऑक्टोबर १९१८ला मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. प्लेगच्या अतिवाईट दिवसांतही शहरानं एवढा आकडा पाहिला नव्हता.

महाराष्ट्रानं या रोगाला नाव दिलं 'मानमोडी'. इन्फ्लुएन्झा हा शब्द कागदावर राहिला. खेड्यापाड्यात अजूनही नव्वदी गाठलेल्या माणसाशी बोलताना 'मानमोडीच्या साली' असं काळाचं माप कानावर पडतं. त्यांनी ती पाहिलेली नसते, आईकडून ऐकलेली असते. नावातच लक्षण आहे. मान धरत नाही, उचलता येत नाही, आणि दोन दिवसांत माणूस कोंबडीसारखा मान टाकतो.

आता घरांकडे वळू. आपल्या घरांना साथीची ओळख नव्हती असं मुळीच नाही. देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे. तो डहाळा म्हणजे पाटीच होती: आत देवी आहेत, बाहेरच्यानं येऊ नये. रोग्याची खोली वेगळी, त्याचं पांघरूण वेगळं, घरात फोडणी नाही, मोठ्यानं बोलणं नाही, सेवेला एकच बाई, शक्यतो आधी देवी येऊन गेलेली. श्रद्धेच्या वेष्टनात गुंडाळलेलं हे विलगीकरणच होतं, आणि ज्या बाईला एकदा येऊन गेल्या तिलाच खोलीत पाठवण्यात तर उघड उघड अनुभवाचं शहाणपण होतं. कुंभकोणमच्या घरांतही कडुनिंब होताच. दोन वर्षांचा रामानुजन १८८९च्या डिसेंबरात देवीतून उठला. त्या वर्षी तंजावर जिल्ह्यात देवीनं हजारो माणसं गेली. त्याच्या चेहऱ्यावर व्रण राहिले, पण तो वाचला.

प्लेगनं दुसरा धडा दिला होता. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. १८९६पासून पुढची वीस वर्षं महाराष्ट्रातली गावंच्या गावं दर हिवाळ्यात अशी बाहेर पडत होती. सुरुवातीला सरकारच्या धाकानं, नंतर स्वतःहून. उपाय अचूक होता, कारण प्लेगचा उंदीर आणि त्याची पिसू घरात होती. माणूस घरातून उठला की रोगाशी संबंध तुटे.

मानमोडीला हे दोन्ही धडे पुरले नाहीत. कडुनिंबाचा डहाळा लावेपर्यंत घरातली निम्मी माणसं पडलेली असत, कारण हा ताप चढायच्या आधीच्या दिवसापासून श्वासातून दुसऱ्याला लागत होता. आणि माळावर जाऊन झोपडीत सात माणसं शेजारी शेजारी झोपली तर उंदीर मागे राहिला तरी खोकला बरोबर आला. लोकांनी माहीत असलेलं हत्यार उपसलं, पण ते दुसऱ्या शत्रूसाठी घडवलेलं होतं. याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. त्या वर्षी जगातल्या सर्वांत शहाण्या प्रयोगशाळांचंही हेच झालं. त्या फायफरच्या जिवाणूला रोगाचं मूळ समजून त्याच्यावर लशी बनवत होत्या. खरा विषाणू सापडायला १९३३ उजाडलं.

मग सरकार काय सांगत होतं? पत्रकं निघाली, वर्तमानपत्रांत सूचना आल्या. त्यांचा सूर एकच: ताप आला की लगेच निजा, उठू नका. खिडक्या उघड्या ठेवा. जमल्यास उघड्यावर झोपा. गर्दीत जाऊ नका. परमँगनेटच्या पाण्यानं गुळण्या करा. दूध, हलकं अन्न घ्या. आज शंभर वर्षांनी ही यादी वाचताना त्यातलं फारसं काही खोडावंसं वाटत नाही. गुळण्यांनी फार काही साधत नव्हतं, तरी बाकीचा सल्ला खणखणीत होता.

फक्त तो सल्ला ज्या घराला उद्देशून होता ते घर मुंबईत फार थोड्यांकडे होतं.

गिरणगावातली एक खोली डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बारा, फार तर. आत मोरी, चूल, दोरीवर कपडे, माळ्यावर गोणपाटं. दार व्हरांड्याकडे उघडतं, मागची भिंत दुसऱ्या खोलीची. खिडकी असलीच तर गटाराच्या गल्लीकडे, म्हणून ती चिंधी कोंबून बंद केलेली. खोलीत नवरा-बायको, चार मुलं, गावाकडून आलेला दीर आणि त्याच्या गावचे दोन पोटभाडेकरू. पाळीनं झोपतात, कारण गिरणी पाळीनं चालते. या खोलीत 'आजाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवा' हे वाक्य कुठे ठेवणार? 'लगेच निजा' म्हणावं तर खाडा पडला की पगार कापला जातो. दूध आणावं तर दुष्काळानं दूध महागलेलं. चुलीला लाकूड हवं, आणि त्या ऑक्टोबरात चितेलाही लाकूड हवं होतं.

मुंबईच्या आकड्यांत हे लख्ख दिसतं. १९१८च्या साथीत शहरातल्या युरोपियनांमध्ये हजारी ८.३ माणसं गेली. पारशांत ९. भारतीय ख्रिस्ती, मुसलमान आणि सवर्ण हिंदू हे सगळे अठरा-एकोणीसच्या आसपास. आणि सरकारी कोष्टकात ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' असं लिहिलं होतं त्यांच्यात हजारी ६१.६. विषाणूला जात कळत नाही. त्याला खोलीत किती श्वास कोंडलेत तेवढंच कळतं, आणि पडलेल्या माणसाला पाणी द्यायला कुणी उभं आहे की नाही, पोटात काही आहे की नाही, यावर पुढचं ठरतं. या कोष्टकाला मी जातीचं कोष्टक मानत नाही. ते खिडक्यांचं, दुधाचं आणि उसंतीचं कोष्टक आहे. त्या तीन गोष्टी जातीप्रमाणे वाटल्या गेल्या होत्या, म्हणून ते जातीचं दिसतं.

सरकार घरात का शिरलं नाही, हाही प्रश्न आहे. एकवीस वर्षांपूर्वी ते शिरलं होतं. १८९७चा साथरोग कायदा हाती घेऊन पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं गोऱ्या सोल्जरांकरवी घरं तपासली. स्वयंपाकघरात बूट, देवघरात बूट, बायकांची काखेत-जांघेत तपासणी, सामानाची होळी. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर उंबरठा ओलांडायची सरकारची छाती राहिली नाही, असं मला वाटतं. शिवाय १९१८ साली उंबरठा ओलांडायला माणसंही नव्हती. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कितीतरी डॉक्टर आघाडीवर होते. जे होते त्यांतलेही आजारी पडत होते. जुलमानं आत शिरण्यापासून ते अजिबात आत न शिरण्यापर्यंत, एवढं अंतर दोन दशकांत सरकार चाललं. मधला एक रस्ता होता, मदत घेऊन दार वाजवण्याचा. तो दुसऱ्यांनी धरला.

ना. म. जोशींनी १९११मध्ये काढलेली सोशल सर्व्हिस लीग, भारत सेवक समाज, वेगवेगळ्या जातींच्या मंडळींनी काढलेल्या मदत समित्या, यांचे स्वयंसेवक चाळी चढायला लागले. इस्पितळं अपुरी होती आणि असती तरी फ्लूचा रोगी खटाऱ्यातून हलवण्यात अर्थ नव्हता, हे टर्नरनाही मान्य होतं. औषध घरी, दूध घरी, कांबळं घरी. हे स्वयंसेवक डॉक्टर नव्हते. त्यांच्या पिशवीतल्या बाटलीत रोग बरा करणारं काहीही नव्हतं. त्यांनी वाचवलेली माणसं वाचली ती बहुधा त्या बाटलीबरोबर आलेल्या दुधानं आणि 'उठू नको' या धाकानं. घरातले सगळे एकदम पडले तर चूल पेटत नाही, पाणी भरलं जात नाही, आणि तापातून उठू शकला असता असा माणूस तहानेनं जातो. साथीतला हा मृत्यू कुठल्याच दाखल्यावर लिहिला जात नाही.

पाणी कोण भरत होतं, चूल कोण पेटवत होतं, हे विचारलं की मानमोडीची दुसरी बाजू दिसते. हिंदुस्थानात या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. जगात बऱ्याच ठिकाणी उलटं होतं. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर मेजर नॉर्मन व्हाइट यांच्या अहवालातही ही नोंद आहे. कारणं शोधायला फार लांब जायला नको. घरात आजाऱ्याच्या तोंडाजवळ वाकून जी बसते तिच्या श्वासात सगळ्यात जास्त विष जातं. आणि दुष्काळाच्या साली जी सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिच्या अंगात झुंजायला सगळ्यात कमी उरतं. त्यातून ती गरोदर असली तर संपलंच. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे बायकांना परिचारिकेचं शिक्षण मिळवून देत होत्या, पण अशा शिकलेल्या नर्सा बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळी शुश्रूषा आई, बायको, सून, मुलगी या न शिकवलेल्या नर्सांनी केली. त्यांच्यासाठी पत्रकात एकही ओळ नव्हती. आजाऱ्यानं काय करावं ते छापलं होतं. आजाऱ्याजवळ बसणारीनं तोंडावर पदर घ्यावा, हात धुवावेत, तिनं आधी जेवून घ्यावं, हे कुणी छापलं नाही.

मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची दशा त्याहून वाईट होती. सगळ्या देशाचा आकडा त्या वेळी पन्नास-साठ लाख धरला गेला, मग १९२१च्या जनगणनेनंतर तो सव्वा कोटीवर गेला आणि पुढच्या अभ्यासकांनी तो आणखी वर नेला. १९११ ते १९२१ हे हिंदुस्थानच्या जनगणनेतलं एकमेव दशक असं की त्यात लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली.

दक्षिणेत साथ गेली तेव्हा तिचा जोर ओसरत होता. मद्रास इलाख्यातही लाखोंनी माणसं गेली, पण लोकसंख्येच्या मानानं मुंबई इलाख्यापेक्षा खूप कमी. पाऊस, हवामान, पोटातलं अन्न, विषाणूची धार, सगळ्यांचाच वाटा असावा. अभ्यासकांचं यावर एकमत नाही. कुंभकोणम मद्रासहून तंजावरला जाणाऱ्या रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं गाव. कावेरी आणि अरसलार यांच्या मधे वसलेलं, विड्याच्या पानांचं, पितळी भांड्यांचं आणि बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम यात्रेचं.

मराठी वाचकाला हे गाव परकं वाटू नये. व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती आणि तिच्याबरोबर गेलेल्या देशस्थ घराण्यांची वस्ती कुंभकोणममध्ये अजूनही आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८मध्ये जन्मले ते इथंच, मराठी घरात. त्या घरांत अजूनही मराठी बोलतात, तमिळच्या हेलानं, आणि त्यातले काही शब्द आपण पुण्यात केव्हाच विसरलो.

कुंभकोणमच्या जुन्या घरांची रचना बघण्यासारखी आहे. सारंगपाणी देवळासमोरच्या सन्निधी रस्त्यावरचं रामानुजनचं घर आता स्मारक आहे. एका विद्यापीठानं ते विकत घेऊन २००३मध्ये जपलं. रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे आपला ओटा. पाहुणा, भिक्षेकरी, टपालवाला, शेजारी, सगळे आधी तिण्णैवर. रामानुजन याच ओट्यावर पाटी घेऊन मांडी घालून गणितं करीत बसे. आत शिरताना डाव्या हाताला छोटीशी खोली, तिला रस्त्याकडे उघडणारी खिडकी, आणि त्या खिडकीशी खाट. घर गरिबाचंच. वडील कापडाच्या दुकानात कारकून, आई देवळात भजनं म्हणून चार पैसे मिळवणारी, आणि घरात कॉलेजातली पोरं जेवायला-राहायला ठेवून संसार ओढायचा. पण गरिबीतही या घराला ओटा होता, म्हणजे बाहेरच्याला बाहेर थांबवायची सोय होती. खिडकी होती. गिरणगावातल्या खोलीला यातलं काही नव्हतं. गरीब दोन्हीकडे होते, पण एकाला उंबऱ्याबाहेर चार हात जागा होती आणि दुसऱ्याला नव्हती. श्वासातून पसरणाऱ्या रोगात हे चार हात फार मोठे.

फ्लू पुढेही येत राहिला आणि त्याची वाट पुन्हा समुद्रावरूनच आली. मे १९५७मध्ये सिंगापूरहून 'राजुला' ही बोट मद्रासला आली ती फ्लूचे रोगी घेऊनच. मलायातल्या रबराच्या मळ्यांत गेलेले, दुकानं थाटलेले तमिळ लोक याच बोटीनं पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत आले होते. त्यांत तंजावर जिल्ह्यातले, म्हणजे कुंभकोणमच्या आसपासचे पुष्कळ. नीलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटनं विषाणू ओळखला. पुढच्या आठ-नऊ महिन्यांत देशात ४४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले आणि मृत्यू हजाराच्या थोडे वर. आता हाताशी पेनिसिलिन होतं, फ्लूच्या पाठीवर बसून येणारा न्युमोनिया आटोक्यात येत होता. विषाणूही १९१८एवढा जहाल नव्हता.

आणि २००९. पुणेकरांना ऑगस्टचा तो पहिला आठवडा आठवत असेल. ३ तारखेला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद पडल्या, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, औषधांच्या दुकानांतून मास्क गायब झाले, आणि तोंडाला रुमाल बांधून दुचाकीवरून जायची पुण्याची जुनी सवय एका रात्रीत वैद्यकीय ठरली. रुमालाच्या पुरचुंडीत कापूर-वेलची घालून हुंगत फिरणारी माणसं मी लोकलमध्ये पाहिली आहेत. पुरचुंडीनं विषाणू मरत नव्हता. पण हुंगणारा निदान चेहऱ्याला हात लावण्याऐवजी रुमाल लावत होता, एवढं पुण्य तिच्या पदरात टाकायला हरकत नाही. गंमत म्हणजे नायडूबाहेरच्या रांगेत साध्या सर्दीचे आणि खऱ्या फ्लूचे तास न् तास खांद्याला खांदा लावून उभे होते. शेवटी केंद्राच्या आरोग्य खात्यानं रुग्णांचे तीन गट पाडले आणि पहिल्या गटाला सांगितलं: तपासणी नको, घरीच राहा, घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून, गरोदर बाईपासून, लहानग्यांपासून दूर राहा. रँडपासून एकशेबारा वर्षांनी सरकार पुन्हा घरावर विसंबलं, आणि या वेळी शहाणपणानं विसंबलं.

घरातल्या उपायांनी खरंच फरक पडतो का, याची मोजदाद त्याच वर्षी हाँगकाँगच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. २५९ घरं घेतली, प्रत्येक घरात एकाला फ्लू झालेला. काही घरांना हात धुण्याची सवय लावली, काहींना हात धुणं आणि मास्क दोन्ही, काहींना नुसता सल्ला. सगळी घरं एकत्र धरली तर फरक फारसा भरवशाचा दिसला नाही. पण पहिल्या माणसाला लक्षणं दिसल्यापासून छत्तीस तासांच्या आत ज्या घरांनी मास्क आणि हात धुणं सुरू केलं होतं, तिथं घरच्यांना लागण स्पष्टपणे कमी झाली. छत्तीस तास. म्हणजे पहिल्या शिंकेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. तोपर्यंत आपल्याकडे घरात 'अरे, पावसात भिजला असेल' हेच चालू असतं. डहाळा दाराला लागायचा तो ताप ओळखू आल्यावर. त्याला उशीर होई तो इथं.

आता परत नागोयाच्या प्रवाशाकडे. रामानुजनला फ्लू नव्हता. इंग्लंडातल्या डॉक्टरांनी त्याला क्षय ठरवला होता. पुढे १९९४मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरनं जुने कागद तपासून यकृतातल्या अमीबाचा संशय मांडला. तो खरा असेल तर त्या काळीही बरा होऊ शकला असता असा रोग. ते काही असो, घरच्यांसाठी तो क्षयाचा रोगी होता. मुंबईहून मद्रास, मद्रासचा उन्हाळा सोसवेना म्हणून कावेरीकाठचं कोडुमुडी, आणि ३ सप्टेंबर १९१९ला कुंभकोणम. डॉक्टरांचं ऐकायचा त्याला कंटाळा आला होता. मद्रास मेडिकल कॉलेजचे डॉ. पी. एस. चंद्रशेखर त्याला पाहायला येत. जानेवारी १९२०मध्ये त्याला पुन्हा मद्रासला हलवलं. पाठ्यपुस्तकांत 'हरवलेली वही' म्हणून ज्याचा उल्लेख येतो ते गणित त्यानं याच वर्षात, अंथरुणात लिहिलं.

त्याच्याजवळ बसत होती ती वीस वर्षांची जानकी. लग्न झालं तेव्हा ती दहा वर्षांची होती, नवरा विलायतेला गेला तेव्हा पंधराची. सासूचं आणि तिचं पटत नव्हतं, ते सगळ्या चरित्रकारांनी लिहिलं आहे, आपण पुन्हा उगाळायला नको. संसार असा तिला मिळालाच नाही. मिळालं ते हे एक वर्षाचं आजारपण. ठरल्या वेळी भात, लिंबाचं सरबत, ताक. पाय आणि छाती दुखायला लागली की गरम पाण्याचा शेक. पाणी तापवायचं, फडकं बुडवायचं, पिळायचं, छातीवर ठेवायचं, निवलं की पुन्हा. तिच्या तोंडावर फडकं बांधायला तिला कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मुंबईच्या चाळीत आदल्या ऑक्टोबरात ज्या बायकांनी हेच केलं आणि गेल्या, त्यांच्यात आणि तिच्यात एवढाच फरक की ती वाचली.

२६ एप्रिल १९२०ला मद्रासच्या चेटपेट भागात रामानुजन गेला. समुद्र ओलांडून आल्यावर प्रायश्चित्त घेतलेलं नाही म्हणून बरेच नातेवाईक अंत्यविधीला आले नाहीत. जानकी पुढे मुंबईला भावाकडे काही वर्षं राहिली, तिथं शिवणकाम शिकली, मग मद्रासला परतून ट्रिप्लिकेनमध्ये शिवणयंत्रावर स्वतःचं पोट भरत राहिली. १९९४मध्ये, नव्वदी ओलांडून, ती वारली. म्हातारपणी तिला कुणी त्या दिवसांबद्दल विचारलं तर ती भात, लिंबू, ताक आणि शेक यांचं सांगे, आणि म्हणे की शेकाचं पाणी तापवायची ती दोन भांडी अजून माझ्याजवळ आहेत.